आपलं आपण उठणं

मंगळवार, जेवणं झाल्यावर

अर्धांगाच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी बजावलंय, यांना रोज जमिनीवरून आपलं आपण उठू द्या, हात देऊ नका. हर्सूल तलावापर्यंत पायी जाणारा माणूस, आज सतरंजीवरून उठता येईना. मी हात मागे बांधून उभी. सूनबाई धावत आली.

"आई, धरा की त्यांना! लई कठोर बाई तुम्ही."

मी तिलाच अडवलं. यांच्या कपाळावर घाम. पडले असते तर? पण आज हात दिला असता, तर पाय कायमचे गेले असते.

गुडघा दाबत उठले, एकटेच. माझ्याकडे न बघता आत गेले. मी तशीच, हात मागे बांधून. चुकलं का माझं?

जेवताना हळूच म्हणाले, "उद्या दार लावून घे. सुनेसमोर नको."