किरणं सोडणारी सुकेळी

मु. होळी, वसई
११ फेब्रुवारी

चि. अनुष्का,

जमिनीखाली अर्धा किलोमीटर बसलेल्या भाचीला जमिनीवरून मामाचे अनेक आशीर्वाद. खोकला कमी झाला का? खाणीत ऊन मिळत नाही, तेव्हा सुट्टीला तरी वर येऊन तासभर बस. इकडे सर्व कुशल आहे, असं लिहायची पद्धत आहे.

खाणीतल्या तुमच्या प्रयोगशाळेने सुकेळ्यांचं पार्सल दारातूनच परत पाठवलं. केळ्यात पोटॅशियम असतं, त्यातलं किंचित किरणं सोडतं, आणि कृष्णद्रव्याचा कण आलाच तर त्याची चाहूल त्या गडबडीत हरवेल, हे तुझं पत्र मी तीनदा वाचलं. (कृष्णद्रव्य सगळीकडे आहे, दिसत कुणालाच नाही, आणि सहा वर्षं तुम्ही यंत्र लावून वाट पाहताय. नायगावच्या टॉवरांतली माणसं नळाखाली बादली लावून हेच करतात. त्यांना कुणी शास्त्रज्ञ म्हणत नाही.) पटलं. पण तुझ्या आईने आठवडाभर उन्हात वाळवून, पानात बांधलेली राजेळी केळी दारातून हाकलतात म्हणजे काय! माझं रक्त उसळलं.

योगायोगाने (आग्रह मीच केला होता) बागायतदारांच्या मेळाव्यात माझं भाषण होतं. मी गरजलो, "जगातलं सर्वांत नाजूक यंत्र ज्याला घाबरतं, ते आपलं केळं! आपल्या सुकेळ्यांतून किरणं निघतात, किरणं!" टाळ्यांसाठी थांबलो. पहिल्या रांगेतल्या, आपल्या शेजारच्या ग्रेसीने नातीच्या तोंडातलं सुकेळं बोट घालून बाहेर काढलं. "आत्माराम, आधी नाय सांगायचं?" बटाट्यात, पालकात आणि आपल्या अंगातही तेच असतं, हे मी पुढे सांगणारच होतो, तोवर खुर्च्या रिकाम्या.

तेव्हापासून सुभद्राताईच्या (म्हणजे तुझ्या आईच्या) ओटीवर विकायला बांधलेल्या सुकेळ्यांच्या पुड्या पडून आहेत आणि तिच्याकडचं माझं जेवण बंद. नऊ दिवस स्वतःच्या हातची खिचडी खातोय. "चुकलो म्हण," एवढंच तिचं म्हणणं. चाळीस वर्षं व्यासपीठावर उभा आहे. बोललेलं वाक्य कधी मागे घेतलेलं नाही.

तुझा,
आत्माराममामा

ता. क. सुकेळी निर्धोक आहेत असं प्रयोगशाळेच्या शिक्क्यानिशी दोन ओळींत लिहून पाठव. लवकर. खिचडी आता करपायलाही लागली आहे.

ता. क. २. आईला फोनवर सांग, मामा चुकलो म्हणाला. मी म्हणालो नाही, हे सांगू नकोस. परत आलेल्या पार्सलचंही विचारू नकोस. ते मी संपवलं. तब्येत ठणठणीत.

ता. क. ३. (हे अक्षर तुझ्या आईचं.) पत्र टपालात टाकायला त्याने ग्रेसीला दिलं, ग्रेसीने मला. शिक्का पाठवू नकोस, तो फडकावत पुन्हा सभा भरवेल. अख्खं पार्सल खाऊन तुझा मामा अजून बोलतोय, हे मी ग्रेसीला वाचून दाखवलं. ती लगेच दोन पुड्या घेऊन गेली. आज त्याला जेवायला बोलावलंय. भात वाढेन. आमटी "चुकलो" म्हटल्यावर.