धुतल्याशिवाय कात्री नाही

४ सप्टेंबर

मशीन कुरकुरतंय. तेल मागतंय. तसंच चालवलं. ह्यांनी ऐकलं असतं तर जेवणावरून उठले असते! जन्मभर लोकांची शिलाई मशीनं दुरुस्त केली, घरच्या मशीनचा आवाज कधी येऊ दिला नाही. आता येतोय. येऊ दे.

५ सप्टेंबर

लेकीचा फोन. "आई, बाबांच्या शर्टांचं कुठवर आलं? नोव्हेंबरात प्रदर्शन आहे!" जसं काही मला माहीतच नाही. परवा हेडबाईनेही तेच विचारलं. हेडबाई म्हणजे आमच्या गोधडीवाल्या बायकांची म्होरकी. शाळेतून रिटायर झाली, पण शाळा काही तिच्यातून रिटायर झाली नाही. "तुमच्या मिस्टरांच्या शर्टांची गोधडी हॉलच्या मधोमध लावायची. मी जागा धरून ठेवलीय." ठेव बाई.

कापायला माझी काही हरकत नाही. मला काही होतच नाही, तेच तर! हे मार्चमध्ये गेले आणि अजून डोळ्यातून टिपूस नाही. लेक म्हणते धक्का बसलाय. शेजारीण म्हणते, "खंबीर आहात हो तुम्ही!" खंबीर कसलं डोंबलाचं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल होतो ना, तसं झालंय. हात लावला तर आहे, पण आपला नाही.

९ सप्टेंबर

शर्ट काढून पलंगावर मांडले. निळ्या रेघांचा. करड्या चौकड्यांचा. तो भयंकर पिवळा — कितीदा म्हटलं, अहो, द्या कुणालातरी, भिंत चालत आल्यासारखी वाटते! — आणि कामावरचे दोन खाकी. एकेक नाकाशी धरला. साबण. सगळ्यांना साबणाचा वास.

धुतले कोणी? मीच! हे गेले त्याच आठवड्यात. लेकीने कपाट रिकामं केलं, गठ्ठा माझ्या हातात दिला. "आई, ह्यांची गोधडी कर." आणि कापडाचा गठ्ठा हातात आला की पुढचं माझे हात मला न विचारता करतात. टब, गरम पाणी, साबण. कापड कुठलंही असो, कुणाचंही असो, पाण्यातून काढल्याशिवाय कात्री लावायची नाही. आटायचं ते आधीच आटू दे, रंग जायचा तो आधीच जाऊ दे. मावशीने मला शिकवलं, मी अर्ध्या गावाला शिकवलं. त्या दिवशी उशीचा अभ्रासुद्धा सोडला नाही मी. सगळं दोरीवर वाळत घातल्यावर लक्षात आलं. तशीच उभी राहिले बघत. लेक म्हणाली, "कसले स्वच्छ निघालेत गं!"

करडा स्वेटर तेवढा नव्हता. तो हिवाळ्यातच हरवून आले होते. "बसमध्ये राहिला असेल," म्हणाले. त्यावरून मी दोन दिवस बोलत होते. मी स्वतः विणलेला होता ना.

१० सप्टेंबर

नाही कापले.

१४ सप्टेंबर

मुलाकडे जेवायला गेले होते. सुनेच्या घरात पाऊल टाकायचं तर आधी पाऊल टाकायला जागा शोधावी लागते! आणि ती खुर्ची. धुण्याच्या ढिगाची. त्या खुर्चीवर माणूस बसलेलं मी मुलाच्या लग्नापासून पाहिलेलं नाही. टॉवेल, मोजे, शर्ट, त्याच्याखाली मागच्या थंडीतले कपडे, गाठी मारलेल्या पिशव्या. सप्टेंबरात! माझे हात शिवशिवायला लागले. "मी लावते ना मशीन, बघता बघता होईल," म्हटलं आणि वरचे टॉवेल उचललेसुद्धा. सून लालबुंद. "अहो आई, राहू द्या ना. मी करते उद्या." उद्या! मुलगा मध्ये पडला. "आई, जेवायला आलीस की धुणं करायला? बस की जरा."

ठेवले परत. जेवण बरं होतं. मीठ कमी.

ह्यांचं मात्र तिच्याशी गूळपीठ. तिचं मशीन अडलं की हे निघालेच हत्यारांची पिशवी घेऊन. शेवटच्या थंडीतही जाऊन आले होते. मी म्हणायचे, तिला एवढं शिवायचं तरी काय असतं? बटण लावता येतं का तिला? हे नुसते हसायचे. एकदा म्हणाले, "पोरगी गबाळी आहे गं, पण तिच्याकडे गेलं की माणसाला निवांत वाटतं." मला किती दिवस लागलं होतं ते.

१५ सप्टेंबर

मुलाचा फोन — "तिला वाईट वाटलं कालचं." वाटू दे. कुणालातरी काहीतरी वाटतंय.

२० सप्टेंबर

आज वेडेपणा केला. इथे लिहिते, बाकी कुणाला सांगायची सोय नाही. ह्यांच्या हत्यारांच्या डब्यातून तेलाची बुधली काढली. एक थेंब रुमालावर. दाढीचा साबण जरासा. खोकल्याच्या गोळ्या कायम खिशात असायच्या, त्यातली एक चुरडून. मग डोळे मिटून हुंगलं.

दुकानाचा वास आला! वाणसामानाच्या! हसू यायला हवं होतं. आलं नाही. रुमाल धुऊन टाकला.

२६ सप्टेंबर

बेकरीवाला आला. त्याची आई उन्हाळ्यात गेली. तिचे झगे घेऊन आला होता, गोधडी करायला. पिशवी हातातून सोडवेना बापड्याला. "बाई, एवढं ऐका माझं. धुऊ नका हं हे."

असं म्हणणारी गिऱ्हाइकं पूर्वीही आली आहेत. माझं उत्तर ठरलेलं. धुतल्याशिवाय कात्री नाही! पुढे रंग उतरेल, कापड आटेल, शिवण ओढली जाईल, आणि नाव कुणाचं खराब होणार? माझं! की बिचारी गप्प बसायची. आज तोंड उघडलं तर ते उत्तर येईना. "मागून रंग गेला तर?" एवढंच विचारलं.

"जाऊ दे. मी गोधडी धुणारच नाही."

ठेवून घेतली पिशवी. तो गेल्यावर आत नाक घातलं. घालायला नको होतं. पावडर, औषधी मलम, लोणी, घाम. ओळख ना पाळख, आणि अख्खी बाई बसलीय पिशवीत! हेवा वाटला मला. बेकरीवाल्याचा. रागही आला. दार लावून घेतलं आणि भांडी घासली.

३ ऑक्टोबर

हेडबाई घरी येऊन ठाण मांडून बसली. "कापा माझ्यासमोर. नाहीतर तुमच्याच्याने होणार नाही." होत नाही म्हणून नव्हते थांबले, कळत नाही म्हणून थांबले होते — पण तिला काय सांगणार. निळ्याला कात्री लावली. पाठ आधी, मग बाह्या. मग चौकडी. मग खाकी. खिसे नाही कापले, अख्खे ठेवले. एका खिशावर तेलाचा डाग आहे, मी घासून घासूनही गेला नाही. हुंगला. साबण.

रडू हेडबाईला आलं! शेवटी मीच तिला चहा करून दिला, पाठीवरून हात फिरवला. जाताना म्हणाली, "धन्य आहे तुमची." धन्य कसली. मी काकडी चिरतानासुद्धा ह्याहून हळवी असते.

८ ऑक्टोबर

पिवळा कुठेच बसेना. जिथे लावावा तिथून ओरडतो. शेवटी मधोमध लावला. ओरड म्हटलं हवा तेवढा.

१७ ऑक्टोबर

हाताने धावदोरा घालतेय. अंगुस्तान न घालताच बसले होते. सुई बोटात गेलेली कळलीच नाही, निळ्यावर लाल ठिपका दिसला तेव्हा कळलं. लगेच थंड पाणी लावून काढला. डाग काढण्यात आपला हात कुणी धरणार नाही!

१८ ऑक्टोबर

टाके.

१९ ऑक्टोबर

टाके. मुलगा येऊन गेला. एकटाच.

२६ ऑक्टोबर

लेक आली दोन दिवस. गोधडी अर्धी झालीय. ती अंगावर ओढून जमिनीवरच आडवी झाली, मोठी बाई असून. "आई, बाबा जवळ आहेत असं वाटतं गं." आणि रडली पोटभर. मी तिच्या केसांतून हात फिरवत होते आणि मनात म्हणत होते, बाबा नाहीत बाळ, साबण आहे. मीच धुतलं त्यांना. तिचं तेवढं तरी राहू दे.

"तू का रडत नाहीस?" मग विचारलंच तिने. म्हटलं, वेळ कुठाय, कडेची पट्टी लावायचीय.

४ नोव्हेंबर

झाली. काठाची पट्टी खाकीचीच. घडी घालून हेडबाईकडे पोचवली. घरी येऊन मशीनवर आच्छादन टाकलं. करायला काही उरलं नाही. बसून राहिले.

९ नोव्हेंबर

प्रदर्शन. हॉल भरून गोधड्या, खाली-वर दांड्यांना टांगलेल्या. जागोजागी पाट्या — हात लावू नये. आणि आम्ही सगळ्या हात लावतोय! लोक पुढून बघतात, आम्ही कोपरा उचलून मागून बघतो. गाठी कुठे लपवल्या, दोरा कुठे संपला. एका सुताराने केलेली गोधडी होती. पुरुष माणूस, पहिलीच गोधडी, आणि कोपऱ्याला कोपरा असा मिळवलेला की आपण मान खाली घालावी. एक नुसत्या टायांची होती, कुणा वकिलाच्या. एका आजीबाईंची पांढऱ्यावर पांढरी, जवळ गेल्याशिवाय काहीच दिसत नाही आणि गेलं की पानंच पानं. मागच्या वर्षी मी तिच्यापुढून हलले नसते. सुंदर आहे हे कळत होतं. पण कळणं वेगळं. पुढे गेले.

मधोमध आमची. पिवळा लांबूनच ओरडत होता. लोक थांबत होते, माना डोलवत होते. हेडबाई पाहुण्यांना सांगत होती, "ह्यांच्या मिस्टरांचे शर्ट बरं का." मिस्टरांची जाहिरात. मी हसत होते. हसायचं काम नीट जमतं मला.

मुलगा आणि सून उशिरा आले. सुनेच्या स्वेटरची बटणं वरखाली लागलेली. गोधडीसमोर उभी राहिली. बाकीचे लांबून बघतात, ही सरळ पुढे गेली, खाकी खिशात हात घातला, आणि नाक लावलं. मग वळून माझ्याकडे बघितलं. हळूच म्हणाली, "आई, बाबांचा वास नाही येत हो."

सात-आठ महिने झाले, कुणी बोललं नव्हतं ते. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं! आणि मी काय करावं? फाडकन म्हणाले, "धुतलेत मी. धुवायचे असतात कपडे. सगळीच काही तुझ्यासारखी नसतात!"

चार बायकांसमोर. तिचं तोंड एवढंसं झालं. मुलगा तिला घेऊन निघून गेला. चहालाही थांबले नाहीत.

आम्हाला पहिलं बक्षीस. लाल फीत. लेकीने फोटो काढले.

१० नोव्हेंबर

गोधडी परत आली. पलंगावर टाकलीय. वाईट वागले मी काल. तिने खरं तेच म्हटलं. माझंच तोंड पोळलं असताना मी तिला चटका दिला. फोन करावा म्हणून दोनदा उचलला, ठेवला. काय म्हणायचं? सॉरी म्हणायची सवय नाही. हेच मिटवायचे सगळं मध्ये पडून.

११ नोव्हेंबर

थंडी वाढलीय. गोधडी पांघरून झोपले. ऊब आहे. बस.

१२ नोव्हेंबर

बेकरीवाल्याच्या आईचे झगे कापले. न धुता. कात्री दोनदा खाली ठेवली. स्वतःच्या नवऱ्याच्या शर्टांना नव्हती ठेवली.

१३ नोव्हेंबर

दुपारी सून आली. एकटी. हातात गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी. दारातच उभी. "आई, आधीच सांगते, रागावू नका. बाबा थंडीत माझं मशीन नीट करायला आले होते ना, तेव्हा ह्याला तेल लागलं. म्हणाले, आईला सांगू नकोस, मला ओरडेल, तू धुऊन दे गुपचूप. तेलकट म्हणून मी वेगळा काढून ठेवला. आणि राहिलाच. ढिगात, पार तळाशी. परवा प्रदर्शनातून घरी गेल्यावर आठवलं. हा म्हणाला, आधी धू, मग दे, नाहीतर आई बोलेल. मी म्हटलं, बोलू दे."

गाठ सोडली. करडा स्वेटर. नाक आत घातलं.

होते. सगळेच्या सगळे होते.

तिच्या खांद्यावर डोकं ठेवून किती वेळ रडले देव जाणे, बाही पार भिजवली तिची. मग नाक पुसलं आणि म्हटलं, "घरी गेलीस की हा अंगातला शर्ट आधी धुवायला टाक." म्हणाली, "टाकते."

टाकायची नाही ती.