जिनुकच्या आईचं नाव

प्रिय जिनुक,

तीन दिवस सेरा माझ्याशी धड बोलली नव्हती. तुझी धाकटी बहीण आता बत्तीसची झाली, पण राग आला की नाकपुड्या अजून तशाच फुगतात. भांडण कशावरून? तुझ्या नावावरून. घर सोडून तुला आठ वर्षं झाली, तरी आमच्यात भांडणं तूच लावतोस.

गुन्सानच्या बाजारात आपलं दुकान आहे तिथेच आहे. पाटीही तीच, ‘जिनुककडची तोंडीलावणी’. चार वर्षांपूर्वी सेराने त्याच नावाने इन्स्टावर अकाउंट काढलं. मी कमळकाकडी कापते, पानं सोया सॉसमध्ये मुरवते, ती व्हिडिओ काढते आणि बडबडते. एकतीस हजार लोक बघतात आता. मला वाटायचं माझ्या हाताच्या चवीसाठी बघतात. पण फोनमधून चव कुठली कळायला, ते बघतात सेराला. आता जोंजू शहरातल्या एका मोठ्या दुकानाने आपल्याला तळमजल्यावर जागा देऊ केलीय. अट एकच, तिथल्या पाटीवर आणि अकाउंटवर एकच नाव हवं, आणि ते पुन्हा बदलायचं नाही. शनिवारी दुपारी बारापर्यंत कळवायचं.

सेरा म्हणाली, “माझं नाव लावू, प्यो सेरा. लोक मला ओळखतात.” मी म्हटलं, दुकानाचं आहे तेच राहू दे. झालं. हातातला मुळा तिने पाटावर आपटला. “बारा वर्षं मुळे मी सोलते. बाजारात सगळ्या तुला जिनुकची आई म्हणतात, बाबासुद्धा. कधी कुणी सेराची आई म्हणालंय? आणि ज्याचं नाव मिरवतेस, त्याला आठ वर्षांत एक फोन करता आला नाही. शनिवारी नाव बदललं नाही तर मी सोलला हा शेवटचा मुळा. दुकान चालवायला जिनुकलाच बोलाव.” नुसती धमकी नव्हती रे ती. संध्याकाळी माळ्यावरून बॅग काढली, स्वेटरही भरले.

आपटलेला मुळा मी उचलून चिरायला घेतला. काय सांगणार होते? ते नाव मी दुकानासाठी धरून ठेवलंच नव्हतं. तुला लिहिलेली दोन्ही पत्रं परत आली. उलसानच्या गोदीत आहेस की आणखी कुठे, कुणाला ठाऊक. मला वाटायचं, फोन चाळता चाळता कधीतरी तुला तुझंच नाव दिसेल, आईचे हात दिसतील, आम्ही बरे आहोत एवढं तरी कळेल. तेही पुसलं तर तू आम्हाला शोधायचं कसं?

काल शेवटी सेराला हे सांगून टाकलं. म्हटलं, आता ही मला फाडून खाणार. ती मान खाली घालून लसूण सोलत राहिली. मग म्हणाली, “खुळी आहेस तू, आई. आईची आठवण आली तर माणूस स्वतःचं नाव शोधतो का? शोधलंच तर तुझं शोधेल.”

मला तू गेलास ती चुसोकच्या सणाची सकाळ आठवली. बाबा म्हणाले होते, पाटीवर तुझं नाव आहे, दुकान तुलाच बघायचंय. आणि तू म्हणालास, “लावताना मला विचारलं होतं?” पाटी लावली तेव्हा सहा वर्षांचा होतास, तुला कोण विचारणार? पण ज्या नावाच्या ओझ्याने तू गेलास, तेच मी रोज एकतीस हजार लोकांपुढे नाचवत होते आणि वर तुझी वाट बघत होते. चुकलंच माझं. तुझंही चुकलं, पूर्वजांपुढचं ताट मांडलेलं असताना उठून जायचं नव्हतं. जाऊ दे.

मी सेराला म्हटलं, लाव तुझंच नाव, तुझा हक्क आहे. तर या बयेने फोन उचलला आणि माझं नाव टाइप केलं. म्हटलं, म्हातारीच्या नावाने कोण घेईल काही? बाबा कोपऱ्यात गुडघा शेकत बसले होते. म्हणाले, “लाव. मी जन्मभर घेतलं नाही, लोक तरी घेतील.” मला रडू आवरेना. मग मीही हट्ट धरला, माझ्या नावाशेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात सेराचं हवं. बॅग परत माळ्यावर गेलीय.

आज शनिवार. बारा वाजेपर्यंत अकाउंट तुझ्या नावाचं आहे, आणि त्या नावाखाली शेवटचं म्हणून सेरा हे पत्र तिथे लावतेय. सगळे वाचतील, वाचू देत. बारानंतर तू जिनुक शोधलंस तर आम्ही सापडणार नाही. तुझं नाव तुला परत दिलंय, बाळा. आता दुकान तुझ्या गळ्यात कुणी बांधणार नाही, भेटायला आलास तरी नाही. फक्त आईची आठवण आली तर काय शोधायचं ते तुला ठाऊक असावं, म्हणून लिहिलं. शाळेच्या फॉर्मवर तू ते लिहिलं असशील, तोंडाने कधी घेतलं नाहीस. खाली लिहिते, माहेरच्या आडनावासकट, नीट बघून ठेव.

तुझीच,
ओह बोंगसिम