धुक्याच्या विरोधात माझं नाव

सॅक्रामेंटो,
झावळ्यांच्या रविवारानंतरचा, ईस्टरआधीचा सोमवार

तीर्थरूप दिओलिंदाताई,

तुझ्या धाकट्या भावाचा, गुडघे वाकतील तेवढं वाकून, नमस्कार. तुझं पत्र आलं तेव्हा बदामाला फुलं होती. आता फुलं गळून झाडांवर हिरवे बदाम धरले आणि मी उत्तराला आत्ता बसतो आहे. माफ कर. आळस नव्हे, धीर होत नव्हता. या वर्षी पेअरची झाडं अर्धवट फुलली, एक फांदी पांढरीशुभ्र तर शेजारची नुसती काटकी, आणि ईस्टर झाला की झाडं उपटणारा माणूस यंत्र घेऊन येणार, असं तू लिहिलंस. बाबांनी लावलेली झाडं! पत्र मी साखरेच्या डब्याखाली ठेवलं. रोज सकाळी काढून वाचायचो आणि परत ठेवायचो. मजकूर काही बदलत नव्हता.

तुझी कंबर कशी आहे? नदीकाठचा वारा लागू देऊ नकोस. माझं म्हणशील तर डाव्या कानात समुद्र वाजतो. डॉक्टर म्हणतात वयामुळे. (उजवा कानही त्याच वयाचा आहे, तो का नाही वाजत? पण विचारणार कोण.) बाकी काळज्या नेहमीच्याच, शिवाय एक नवी. ती वरच्या खोलीत राहते.

तिचं नाव टोवा लिंडक्विस्ट. माझी भाडेकरू, मिनेसोटाची, उंच, जिना चढताना कायम डोकं आपटून घेणारी. हिने कितीतरी वर्षं विद्यापीठात धुक्याचा अभ्यास केला. हसू नकोस. धुक्याचे थेंब मोजायची. आणि आता तिला वर्षभरासाठी विधानभवनात बसवलं आहे. शास्त्रज्ञ आणि इंजिनियर लोकांना असं बसवण्याची इथे पद्धत आहे, त्याला फेलोशिप म्हणतात. आमदार कायदे करत असताना शेजारी कुणीतरी विषय कळणारं असावं, एवढाच हेतू. मला आधी वाटलं पोरीला कसली तरी शिक्षा झाली आहे. चांगली प्रयोगशाळा सोडून माणूस तिथे कशाला जाईल? तसं विचारलंही. ती म्हणाली, "काका, मोजून मोजून कंटाळले. मोजलेलं कुणाला तरी सांगावंसं वाटलं."

पहिले काही दिवस तर निव्वळ सोयरिकीचा प्रकार होता. हे फेलो एकेका आमदाराच्या कचेरीत जातात, ते यांना बघतात, हे त्यांना बघतात, मग दोन्हीकडून पसंती कळवायची आणि वरचे लोक जोड्या लावतात. मला झोप येईना. बॅटऱ्यांचं शिकलेल्याला कुणीही उचलेल, रोगराईचं शिकलेल्याला दारात ओवाळतील, पण धुकं कुणाला हवं? शेवटच्या भेटीआधी तिचा कोट मीच इस्त्री केला. (बाही जरा जळली. त्या दिवशी ती हाताची घडी घालूनच गेली.) शेवटी ओकाम्पोबाईंनी तिला घेतलं, कारण त्यांच्या मतदारसंघात नजर जाईल तिथवर फळबागा.

ताई, जानेवारीत आम्ही दोघं सकाळी विधानभवनापर्यंत चालत जायचो. (मला तिथे काही काम नसतं. सोबत म्हणून.) तुला आठवतं तसं जुनं दाट धुकं आता पडत नाही, पण कधीमधी एखादं चुकार येतं. मग घुमट नाहीसा व्हायचा, बागेतली झाडं एकेक करून पुढे यायची आणि पुन्हा मागे जायची, आपल्याच पावलांचा आवाज कुणा दुसऱ्याचा वाटायचा. ही पोरगी मध्येच थांबून हात पुढे करायची, जणू कुणी प्रसाद देणार आहे. अशाच एका सकाळी ती म्हणाली की फळझाडांना हिवाळ्यात झोप लागते. नुसती थंडी पुरत नाही, दुपारचं ऊन अंगावर आलं की त्यांची झोप चाळवते. धुकं म्हणजे त्यांची गोधडी. आता गोधडीच तोकडी झाली. मग वसंतात झाड जागं होतं ते अर्धवट, एका फांदीला वाटतं सकाळ झाली, दुसरीला वाटतं अजून रात्र आहे. मी तिथेच उभा राहिलो. तुझं पत्र यायला अजून वेळ होता, पण गेल्या वसंतात मी तुझ्याकडे आलो होतो ना, ती झाडं मी पाहिली होती. मला वाटलं होतं, आपल्यासारखीच म्हातारी झाली.

तर ओकाम्पोबाईंनी यावर विधेयक मांडलं. जुन्या बागांत धुकं मोजायची यंत्रं बसवायची, आणि कमी झोपेवर भागणारी झाडं तयार होईपर्यंत बागवाल्यांना आधार द्यायचा. लिहिलं सगळं टोवाने. आधी तिने जाडजूड बाड लिहिलं होतं, बाईंनी त्याचं एक पान करायला लावलं. मग बाईंनी विचारलं, धुकं परत येईल का? ही म्हणाली, शक्यता आहे, पण. बाई म्हणाल्या, "बाळ, समितीत एकेकाचं नाव घेऊन मत विचारतात तेव्हा 'शक्यता आहे पण' असं म्हणता येत नाही. हो नाहीतर नाही." बिचारी घरी येऊन पायरीवर बसून राहिली. मी सूप गरम करून दिलं. दुसरं काय देणार?

आता मुख्य प्रसंग. समितीपुढे विधेयक आलं की आधी त्याच्या बाजूने दोघं थोडं बोलतात. मग बाकी पाठिंब्याचे लोक रांग लावून ध्वनिक्षेपकापाशी येतात, नाव सांगतात, गाव सांगतात, "पाठिंबा" म्हणतात आणि जातात. त्यापुढे एक अक्षर बोलायची सोय नाही. ते झालं की तशीच विरोधकांची रांग. टोवा मला म्हणाली, "काका, याल ना? माणसं कमी आहेत." स्वतः तिला बोलता येत नाही. ज्याला सगळं ठाऊक तो मागच्या खुर्चीवर तोंड मिटून बसतो, असा तिथला रिवाज. मी लग्नातला कोट घातला आणि गेलो.

पण आमच्या आधी इतर विधेयकं! लिफ्टची तपासणी, कुत्र्यांचे पट्टे, मधमाश्यांच्या पेट्या. दालन गरम, खुर्ची मऊ, आणि तो अध्यक्षांचा आवाज, मिसा संपता संपता फादरांचा होतो तसा. मला डुलकी लागली. स्वप्नात मी आपल्या बागेत होतो. धुकं असं की फांदी धरली तरच झाड कळायचं. बाबा पुढे चालले होते, दिसत नव्हते, पण त्यांच्या बुटांचा चिखलातला आवाज येत होता. मी हाक मारली तर म्हणाले, हळू, झाडं झोपली आहेत. मग मी बोटं झाडांना लावत लावत चालत राहिलो आणि मला कसलीच काळजी नव्हती. ताई, कसलीच नाही. तुझ्या लक्षात येतंय ना मी काय म्हणतो ते?

जागा झालो तर लोक रांगेत उभे. धडपडत उठलो आणि मीही लागलो. पुढचे एक सुटातले गृहस्थ मागे वळून हसले, म्हणाले, "या, या. आमच्याकडे माणसं कमीच पडली." मला वाटलं, किती भले लोक आहेत धुक्याच्या बाजूने! त्यांनी नाव सांगितलं, कसल्याशा संघटनेचं नाव सांगितलं, आणि म्हणाले, "आधीच्यांची भूमिका तीच माझी." मी म्हणालो, "सेराफिम बेतनकूर, सॅक्रामेंटो. माझीही तीच." अध्यक्ष म्हणाले, "विरोध. पुढचे?"

पाठिंब्याची रांग माझ्या झोपेतच संपली होती. टोवा मागच्या खुर्चीवरून माझ्याकडे बघत होती. मी परत फिरलो, मागे तिला ऐकू जाऊ नये म्हणून पुढे वाकून हळूच म्हणालो, "साहेब, मला झोप लागली होती हो." अध्यक्षही तसेच हळू म्हणाले, "आम्हा सगळ्यांनाच लागली होती, आजोबा. बसा."

विधेयक एका मताने पडलं. तुमच्या नदीकाठचा आमदार हो म्हणाला नाही आणि नाही म्हणाला नाही, छताकडे बघत बसला. मग ओकाम्पोबाईंनी विनंती केली तेव्हा, रिवाज म्हणून, ईस्टरनंतर आणखी एकदा मांडायची मुभा मिळाली. ती शेवटचीच.

घरी येताना ट्राममध्ये मला वाटलं पोरगी रडेल नाहीतर रागावेल. तिने दोन्हीतलं काही केलं नाही. माझ्याकडे वळून अगदी आस्थेने विचारलं, "काका, तुमचा आक्षेप नेमका काय आहे?" शास्त्रज्ञ माणसाची ही खोड बघ, कुणी विरोध केला तर त्यामागे विचार असणार असं धरूनच चालायचं! आता मी काय सांगू, की घोरत होतो? तोंडाला येईल ते बोललो. म्हटलं, "ज्यांची झाडं आहेत त्यांना कुणी विचारलंत का?" आमचा थांबा निघून गेला तरी ती उठेना. मग म्हणाली, "विरोध असावा तर असा." दुसऱ्या दिवशी ओकाम्पोबाईंनी मला कॉफीला बोलावलं आणि चारचौघांत माझी ओळख करून दिली, "हे आमचे प्रामाणिक विरोधक." मी केकचे दोन तुकडे खाल्ले.

तर असं चाललं आहे. बाकी सगळं ठीक. स्वतःला जप, शिडीवर चढू नकोस.

तुझा,
सेराफिम

ता. क. एक लिहायचं राहिलं. टोवाने विचारलं, झाडं असलेलं कुणी तुमच्या ओळखीचं आहे का, आणि माझ्या तोंडून तुझं नाव निघून गेलं. या आठवड्यात विधानभवनाला सुट्टी आहे, म्हणून शनिवारी आम्ही तुझ्याकडे येतो आहोत. तिला त्या अर्ध्या फुललेल्या फांद्या दाखव. अंड्याचा गोड पाव केलास तर तिच्यासाठी थोडा जास्त कर, ती दिसते त्याहून जास्त खाते.

आणखी ता. क. ईस्टरनंतर समितीपुढे दोन मिनिटं बोलायचं आहे. तुलाच. नाही म्हणू नकोस. तो छताकडे बघणारा तुमचा आमदार लहानपणी तुझ्याकडे धर्मशिक्षणाला यायचा. तू समोर उभी राहिलीस तर छताकडे बघायची त्याची काय बिशाद! आणि मी रांगेत का उभा होतो ते टोवाला कळू देऊ नकोस. तिला माझ्याबद्दल आदर वाटतो आहे, आणि या वयात तो पुन्हा कुठून मिळणार.

शेवटचं. विधेयक पडलं तर पडू दे, आपण त्याला काय करणार? पण त्या यंत्रवाल्याला सांग, ईस्टरनंतर नको, या वर्षी नको. बाबांची झाडं नीट झोपली नाहीत एवढंच झालंय, ताई, मेलेली नाहीत. सांगितलंस की लगेच दोन ओळी टाक, शुक्रवारच्या आत. फोन करू नकोस, फोन टोवाच उचलते.