निंबाखालची पंगत

आर्वी, ३० एप्रिल १९५७

चि. पुंडलिकास आनंदाबाईचा आशीर्वाद. वि. वि.

परवा रविवारी, २८ तारखेला, दुपारी साडेबारा वाजता तुझ्या कमलाच्या साक्षगंधाची पंगत बसली. जयवंता माझ्यामागून येत होती. तू तिला थांबवलंस, तुमची माणसं तिकडे आहेत म्हणालास, आणि गोठ्यापाशी निंबाखाली तुझ्या मजुरांत नेऊन बसवलंस. त्यांतलं एकही माणूस तिच्या ओळखीचं नव्हतं. नागपूरच्या कॉन्व्हेंटात आम्ही एका बाकावर बसलो, आर्वीला एका शाळेत शिकवलं, आता पेन्शनीत एका घरात राहतो. तुझी कमला आमच्याकडे राहून मॅट्रिक झाली, ती हिच्याच हातची भाकर खाऊन. असं का केलंस ते लिही.

आनंदाबाई

रोहणा, ५ मे १९५७

ती. बाईस पुंडलिकचा सा. न. वि. वि.

तू एवढी तापली काऊन, मले समजत नाई. माणूस आपल्यासारख्यात बसला का मोकळा होते. जयवंताबाईनं गेल्या दसऱ्याले बुद्धाची दीक्षा घेतली, म्हणून त्याईचीच माणसं पाहून बसवलं, पान बी आधी वाढाले लावलं. तू बी मास्तरणी भेटल्या का बाकीच्या बायाईकडे पाहत नाई. लग्न १९ तारखेले हाय. आत्या नसन तं पोरगी रडन. राग गिळून येजो.

तुझा पुंडलिक

आर्वी, ८ मे १९५७

चि. पुंडलिकास, आशीर्वाद तूर्त राखून ठेवला आहे. वि. वि.

तुझं पत्र जयवंताला वाचून दाखवलं. ती म्हणाली, निंबाखालची माणसं चांगली होती. एका बाईनं तिला कोणाच्या वावरात निंदायला जाता म्हणून विचारलं, तेही तिला लागलं नाही. तिची माणसं कोणती हे तिला न विचारता तू ठरवलंस, ते लागलं.

माणसाला आपल्यासारखं माणूस लागतं, हे कबूल. आम्हा दोघींना गोड चहा चालत नाही, आणि भांडण झालं की दोघीही आधी बोलत नाही. तुझ्यासारखी मात्र मी कुठे आहे हे दोन दिवस शोधलं. एक जागा सापडली. शेजारचं पान रिकामं दिसत होतं, तरी मी विहिणीशी बोलत जेवत राहिले. तेवढी मी तुझी सख्खी बहीण. त्याची माफी मी तिच्यापाशी मागितली आहे. आता तुझी पाळी.

लोभ अजून आहे, म्हणूनच लिहिते. १४ मेच्या संध्याकाळच्या टपालापर्यंत तुझं माफीचं पत्र आणि वेगळी लग्नपत्रिका पोचली पाहिजे; नाहीतर कमलाच्या मागे आत्या उभी राहणार नाही. पाकिटावर माझं नाव नको, जयवंताचं घाल. पत्ता तोच आहे.

आनंदाबाई