पडदे धुवायला आले

९ मार्च

गेले! नीळवाले एकदाचे गेले. धक्क्यावर एक जहाज नाही, टेकडीवरच्या तोफखान्यावर झेंडा नाही. कॅप्टनचे सदरे माझ्याकडे इस्त्री होऊन पडलेत. मेला कालच म्हणाला होता, ‘उद्या नेतो.’

गल्लीत नुसती रडारड, आता कोण नवे येणार म्हणून. मी लाँड्री उघडली, भट्टी पेटवली.

१० मार्च

जावई सकाळपासून डोकं खातोय. उद्या दुपारी शेवटची बोट. त्याला, लेकीला आणि बाळाला जागा मिळतेय. ‘आई, नवे लोक कसे निघतील, काय सांगावं!’

कसे निघणार? आपल्या बंदराचं तोंड अरुंद, आत पाणी खोल — म्हणून जो तो टपलेला. आजीच्या वेळी खळवाले होते. कॉलर अशी कडक हवी, की साहेबाची मान वळू नये. बाबांच्या वेळी नीळवाल्यांनी त्यांना हाकललं. यांना खळ नको, पांढऱ्यावर निळीची झाक हवी. आम्ही खळीचं पातेलं पालथं घातलं आणि नीळ आणली. संपला इतिहास! शाळेत उगाच पानंच्या पानं घोकून घेतात.

राज्य कुणाचंही येवो, मळकी कॉलर माझ्याच दारात येते. हे मी जावयाला स्पष्ट सांगितलं. लेक बाळाला थोपटत बसली.

११ मार्च

नवे आले! पहाटेच. गोळी नाही, आरडाओरडा नाही. आणि थोड्या वेळात दोन शिपाई हातगाडी ढकलत माझ्या दारात. गाडीत काय? पडदे! टेकडीवरच्या बंगल्याचे झाडून सगळे पडदे! हातवारे करून सांगितलं — स्वच्छ हवेत, लवकर हवेत.

मी मनात म्हटलं, जिंकलं! चार दिवसांचा पाहुणा सदरा धुवायला टाकतो. पडदे धुवून घेतो तो बिऱ्हाड थाटायला आलेला असतो. नीळवाले आले तेव्हा आजीने यावरूनच ताडलं होतं.

जावई बोचकं घेऊन दारात उभा. मी ते हातातून ओढूनच घेतलं.

लेक म्हणाली, ‘आई, नक्की ना?’

‘अगं, माझे केस काय उन्हात पांढरे झालेत? कुठे जाऊ नका. मी आहे ना!’

बोट त्यांच्याशिवाय गेली. जावई जेवला नाही. जेवेल उद्या.

१२ मार्च

पडद्यांची काय ती घाण! भट्टीचं पाणी नुसतं काळं. नीळवाले मेले जन्मभर सदरे उजळत बसले आणि पडद्यांकडे पुन्हा ढुंकून पाहिलं नाही! लेकीला सांगितलं तर किती दिवसांनी खळखळून हसली. जावईही जेवला.

१४ मार्च

पडदे पोचते केले. नव्या साहेबाने स्वतः एकेक उलटून पाहिला, मान डोलावली. दुभाष्याला विचारलं — सदऱ्यांना खळ लावायची की नीळ? तो म्हणाला, ‘कळवतील.’

कळवू देत. मी दोन्ही आणून ठेवलंय.

१५ मार्च

दुभाषा घरोघर फिरतोय. आमच्याकडेही आला. परवापर्यंत सगळं गाव रिकामं करायचं. तटाच्या आत फक्त आरमार राहणार.

मी म्हटलं, ‘आणि यांचे कपडे कोण धुणार?’

‘यांचे धोबी पुढच्या जहाजाने येताहेत.’

बोटी बंद. डोंगरापलीकडे पायी जायचं, तान्ह्या बाळाला घेऊन.

राहायलाच आलेत. तेवढं मी बरोबर ओळखलं.

लेक बाळाची दुपटी ओलीच बोचक्यात भरतेय.