प्लेट लावून घेतलेलं माप

१४ मार्च, सकाळ

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या ताईचा गुडघा कुरकुरतो, माझी पाठ कुरकुरते, आणि आमच्यापेक्षा त्या दोघांचंच बोलणं जास्त चालतं. सहा वर्षांनी भाऊजींचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, घरात कुणाला काही झालेलं नाही.

कामाचंच लिहितो. आपल्या वर्कशॉपमध्ये (आपल्या लिहून गेलो, आता राहू दे) एक नवं गिऱ्हाईक आलं आहे. दाताची डॉक्टर. बाई पन्नाशीच्या, आवाज बारीक, आणि हौस काय, तर घाटातल्या शर्यतीत गाडी पळवायची! इंजिनाला टर्बो बसवायचा, ताकद दुप्पट हवी, आणि वर तीन हंगाम इंजिन उघडायला लागता कामा नये. मी म्हटलं, "डॉक्टर, दोन्ही एकदम कसं जमायचं?" तर म्हणाल्या, "दात काढा पण दुखू देऊ नका, असं मला रोज दहा जण सांगतात. मी काढते." मी काम घेतलं.

इंजिनाचा ब्लॉक निवडण्यातच आठवडा गेला. त्यांच्या गाडीतला ॲल्युमिनियमचा, हलका आणि देखणा. पण त्याचे सिलिंडर वरच्या टोकाला मोकळे, परातीत पेले उभे करून ठेवावेत तसे. टर्बोने हवा कोंबली की ते हलणार. म्हणून त्याच जातीच्या जुन्या इंजिनाचा बिडाचा ब्लॉक शोधला. वरून बंद, भिंती जाड, वजन मात्र वीस किलो जास्त. डॉक्टरबाई म्हणाल्या, "वीस किलो मी कमी करते." भंगारवाल्याकडे तीन ब्लॉक मिळाले. एकात ओतकामाच्या वेळी साचा सरकलेला, त्यामुळे एका बाजूची भिंत पातळ. दुसऱ्याला बारीक तडा. तिसरा घेतला. तू असतास तर हातोडीने टकटक करून पहिल्या दिवशीच तिसरा उचलला असतास. मला मशीन लावून चार दिवस लागले.

बोअरिंगच्या दिवशी बाई बघायला आल्या. ब्लॉक मशीनवर चढवलेला, सिलिंडर कापायला सुरुवात करणार, तेवढ्यात विचारतात, "हे आत्ता उघडंच कापणार? आणि नंतर वरून हेडचं झाकण बोल्टने आवळणार?"

"हो."

"मग आवळल्यावर ते गोल राहतं कशावरून? आम्ही दात भरला की पेशंटला चावून बघायला लावतो. उघड्या तोंडात सगळंच बरोबर बसतं हो."

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात, ते खोटं नाही. घरच्या माणसाने हेच सांगितलं होतं, तेव्हा माझा कान बंद होता. आठवतंय ना? तू म्हणाला होतास, "भाऊजी, हेडच्या जागी जाड प्लेट आवळू आणि मग बोअर करू, नाहीतर बोल्टच्या ओढीने भिंत आत येईल." आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "प्लेट जेवायला लागते, बोअरिंगला नाही." सगळे हसले. तूही हसलास. ते आता जास्त लागतं.

मशीन बंद केलं. दोन इंच जाडीची पोलादी प्लेट कापून घेतली, हेडएवढ्याच ताकदीने आवळली आणि आत गेज घातला. आवळण्याआधी अगदी गोल होतं. आवळल्यावर तीन शतांश मिलिमीटर वाकडं, म्हणजे केसाच्या निम्म्याएवढं. मग प्लेट तशीच ठेवून बोअर केलं. चाळीस वर्षांत इतकं सरळ काम माझ्या हातून झालं नव्हतं.

पुढचं तुला आवडणार नाही. रविवारी वर्कशॉप बंद असताना एकटा गेलो आणि बाकाखालून सहा वर्षांपूर्वीचा, खडीवाल्याच्या शर्यतीच्या गाडीचा ब्लॉक ओढून काढला. हो, तोच. तोही ह्याच जातीचा, म्हणून प्लेट बरोबर बसली. ज्या सिलिंडरला चरे पडले होते तो सोडला. शेजारचा, ज्याला काहीच झालं नव्हतं, तो मोजला. प्लेटशिवाय गोल होता. प्लेट आवळली आणि चार शतांश वाकडा झाला. साधं इंजिन एवढ्यावर थोडं तेल पीत चाललं असतं. टर्बोच्या दाबाखाली पिस्टनची रिंग भिंतीला टेकली नाही, आग खाली उतरली, तेल जळलं, रिंग तुटली.

बोअर माझा होता. रिंगा तू बसवल्या होत्यास. खडीवाला शर्यत हरून आरडाओरडा करत आला, तेव्हा तुटलेली रिंग हातात धरून मी म्हणालो, "ह्याने रिंगच्या टोकांत फट कमी ठेवली. तापल्यावर टोकं एकमेकांना भिडली." सगळं खापर तुझ्या डोक्यावर फुटलं. बाजारात तुला 'रिंगतोड्या' म्हणायला लागले. तू गाव सोडलंस. आता टायर विकतोस असं ऐकलं. तुझ्यासारखा हात टायर विकतो आहे.

इथवर लिहून चहा पिऊन आलो. इथवर सोपं होतं. 'तेव्हा कळलं नाही रे, आता कळलं' असं लिहून पत्र संपवता येतं. पहिला कागद तसाच संपवला होता. फाडला.

टोकं भिडली असतील तर ती घासून चकाकतात, हे मीच तुला शिकवलं. त्या दिवशी रिंग माझ्या हातात होती. टोकं काळी होती, धाकट्या. जराही चकाकी नव्हती. तुझी फट बरोबर होती. मी ते पाहिलं, टोकांवर अंगठा ठेवला आणि मग बोललो.

वर्कशॉपवर माझं नाव होतं. तू तरुण आहेस, तुला कुठेही काम मिळेल, असं मनाला पटवलं. ह्याहून मोठं कारण नाही. असतं तर बरं झालं असतं. त्या ब्लॉकचं भंगार करायला मात्र सहा वर्षांत हात उचलला नाही.

तुझ्या ताईने फोनवर तुला सांगितलं, "चूक कबूल कर, मगच घरी ये." ते माझ्या शब्दावर सांगितलं. जिने तुला न्हाऊमाखू घालून वाढवलं, ती सहा वर्षं तुला खोटारडा समजते आहे. आणि भावामुळे नवऱ्याचं नाव खराब झालं म्हणून मलाच सांभाळून घेते. तिने वाढलेलं मी मुकाट्याने जेवतो.

काल डॉक्टरबाईंना सांगितलं. कामगारांना गोळा करून सांगितलं. खडीवाल्याला फोन केला, तो म्हणाला, "आता सांगून काय उपयोग?" बरोबर आहे त्याचं. डॉक्टरबाईंच्या इंजिनाच्या रिंगा मीच बसवीन, तुला 'ये' म्हणायला हे पत्र लिहिलेलं नाही. तसं म्हणायचं तोंड मला नाही.

सगळ्यांना सांगितलं, फक्त तुझ्या ताईला नाही. आज सकाळपासून दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन आलो. एकदा चष्मा मागितला, तो डोळ्यांवरच होता. दुसऱ्यांदा नुसताच उभा राहिलो. ती म्हणाली, "पाठ दुखतेय का?" मी हो म्हणालो.

म्हणून असं करतो. ती थोड्या वेळात बाजाराला निघेल. पत्र टाकायला तिच्याच हाती देतो, पाकीट न चिकटवता. सांगतो, आधी वाच, मग टाक. तुला हे मिळालं असेल तर तिने वाचलं आहे असं समज. माझं काय करायचं ते ती ठरवील.

तिचा फोन येईल. उचल. ती रडेल, मला बोल लावेल. तिला बोलू दे. मध्येच माझी बाजू घेऊ नकोस. तुझा स्वभाव तसा आहे, म्हणून मुद्दाम लिहितो.

मला भाऊजी म्हणायचं की नाही ते तू ठरव. तोवर,

तुझ्या ताईचा नवरा